धरण न वाढवता पाणी वाढवणारा इंजिनियर

पहिला दमदार पाऊस झाला की पुण्यातली निम्मी कॉलेजं सिंहगड रस्त्याला लागतात. खडकवासल्याला बाइक लावायची, लिंबू-मीठ चोळलेलं कणीस घ्यायचं, एक प्लेट कांदाभजी, मग धरणाच्या पाण्याकडे पाठ करून सेल्फी. तुम्ही पुण्यातले नसाल तर तुमच्या गावाजवळही असं एखादं ठिकाण असेलच. तिथलं धरण कुणी आणि कधी बांधलं, हे बऱ्याचदा पाटीवर सापडतं. ते सांभाळतं कोण, हा प्रश्न मात्र भजी संपेपर्यंत कुणाला पडत नाही.

ज्या माणसाला तो आयुष्यभर पडत राहिला, त्याचा फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. म्हैसुरी पेटा, कोट-टाय, ताठ मान. १५ सप्टेंबरला इंजिनियर्स डे असतो, तेव्हा तो फोटो कॉलेजच्या स्टेजवर येतो, हार घातला जातो, भाषण होतं. भाषणात दोन गोष्टी हमखास असतात: सरकारी कामाची मेणबत्ती वेगळी आणि घरच्या कामाची वेगळी, आणि रेल्वेच्या नुसत्या आवाजावरून पुढचा रूळ तुटलाय हे ओळखलं. त्या गोष्टी आज बाजूला ठेवू. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या आयुष्यातली जी चोवीस वर्षं भाषणात एका वाक्यात उरकतात, ती मला तुम्हाला सांगायची आहेत. मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीतली नोकरी. आणि त्यातलं बरंचसं काम झालंय ते आपल्याकडे: नाशिक, धुळे, पुणे, नीरेचं खोरं.

जन्म १८६१ चा, बंगळुरूजवळच्या मुद्देनहळ्ळी गावचा. वडील संस्कृतचे विद्वान, पण घरात पैसा नाही, आणि मुलगा शाळेत असतानाच ते गेले. पोरगा बंगळुरूला आला, शिकवण्या घेत घेत कॉलेज केलं आणि १८८१ मध्ये बी.ए. झाला. मग म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो तेच हे. १८८३ मध्ये इंजिनियरिंगच्या परीक्षेत पहिला आला. पहिल्या आलेल्याला सरकारी नोकरी मिळण्याची तेव्हा सोय होती. तुमच्या भाषेत सांगायचं तर प्लेसमेंट झाली: असिस्टंट इंजिनियर, पोस्टिंग नाशिक, साल १८८४.

थोड्याच दिवसांत धुळ्याकडे रवानगी झाली. काम होतं पाटाचं पाणी प्रवाहाच्या तळाखालून पलीकडे न्यायचं, म्हणजे पाइप-सायफन टाकायचा. तळ खडकाळ, त्यात पावसाळा. आज खणलेलं उद्या वाळूने भरलेलं, खर्च वाढत चाललेला. तेवीस वर्षांच्या या नव्या साहेबांनी वरिष्ठांना कळवलं की पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावं. उत्तर आलं ते कडक समज देणारं. नव्या नोकरीत असं पत्र हातात पडलं की काय होतं, हे इंटर्नशिप केलेल्यांना सांगायला नको. विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही. पुरातच काम रेटलं, पुरं केलं, आणि साहेबांची नाराजी निवळली.

धुळ्याचं हे पोस्टिंग मला वेगळ्या कारणाने महत्त्वाचं वाटतं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तेव्हा शेकडो वर्षं जुनी फड पद्धत चालू होती. नदीवर छोटा बंधारा घालायचा. त्याच्या पाण्याखालच्या जमिनीचे मोठे तुकडे करायचे, ते फड. एका फडात एका हंगामाला सगळ्यांचं एकच पीक, आणि पीक दरवर्षी फिरवायचं. ऊस या वर्षी या फडात, तर पुढे दुसऱ्यात. पाणी सोडायला पाटकरी, पिकांवर नजर ठेवायला जागल्या, आणि दोघांचाही मोबदला गावाने मिळून द्यायचा. पाट साफ करायचा तोही सगळ्यांनी मिळून. पुढे पंधरा वर्षांनी विश्वेश्वरय्यांनी पुणे भागात पाणीवाटपाची जी पद्धत आणली, ती या फडांची इतकी सख्खी वाटते की धुळ्यात त्यांनी डोळे उघडे ठेवले होते, असंच म्हणावं लागतं. त्या पद्धतीकडे येऊच.

त्याआधी सक्कर. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे १८९४ मध्ये बदली झाली ती थेट सिंधू नदीच्या काठावर. अख्खी सिंधू शेजारून वाहतेय आणि गावाला प्यायला चहासारखं गढूळ पाणी. गाळण्यासाठी मोठे फिल्टर बेड बांधायचे तर नगरपालिकेकडे पैसे नाहीत. विश्वेश्वरय्यांनी फिल्टर बांधलाच नाही. नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपत येणारं पाणी आपोआप गाळून विहिरीत उतरायचं. ते कमी पडेल म्हणून विहिरीपासून नदीच्या तळाखालून बोगदा काढला, म्हणजे झिरपायला जागा वाढली. मग इंजिनाने ते पाणी टेकडीवर चढवायचं आणि तिथून उताराने गावात सोडायचं. १८९५ च्या अखेरीला गावाला स्वच्छ पाणी मिळालं. तुमच्या गावच्या नदीकाठी नगरपालिकेचं जॅकवेल असेल तर जाऊन बघा, नातेवाइकच आहे ते.

सक्करनंतर सुरत, मग पुणे. आणि इथे आपण पुन्हा खडकवासल्याला येतो.

आज तुम्ही बघता ते धरण नव्हे, त्याच्या आधीचं. १८७० च्या दशकात बांधलेलं, दगडी. इंग्रज त्या तलावाला लेक फाइफ म्हणत. पुणे शहर, कॅम्प आणि मुठेचे दोन कालवे, सगळ्यांची तहान त्याच्यावर. पाणी पुरेना, तेव्हा खात्याने एक जुगाड बसवलं होतं. पावसाळा सरत आला की सांडव्याच्या माथ्यावर चार-पाच फुटांचा मातीचा तात्पुरता बांध घालायचा, म्हणजे तेवढं पाणी जास्त अडतं. पुढच्या पावसाळ्यात पूर यायच्या आत तो गेला पाहिजे, नाहीतर धरणाला धोका. दरवर्षी घाला, दरवर्षी काढा. वेळ चुकली तर एकतर पाणी वाहून गेलं, नाहीतर धरण संकटात.

अशा वेळी सगळ्यांना सुचणारा उपाय एकच, धरणाची उंची वाढवू. त्यात नवं टेंडर असतं, नवी कोनशिला असते. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात लावला नाही. त्यांनी सांडव्यावर लोखंडी दरवाजे बसवले, आणि ते उघडायला माणूस ठेवला नाही. दरवाजा आणि त्याला तोलून धरणारं वजन यांच्यात तराजूसारखा समतोल ठेवलेला. तलावाचं पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की तेच पाणी यंत्रणेत शिरून हा तोल बदलायचं आणि दरवाजे आपोआप उघडायचे. पूर ओसरला, पातळी उतरली की पुन्हा बंद. मध्यरात्री, मुसळधार पावसात, कंदील घेऊन कुणी सांडव्यावर जायची गरज नाही. १९०३ च्या सुमारास हे दरवाजे बसले. मूळ सांडव्याच्या वर सुमारे आठ फूट पाणी राहू लागलं आणि तलावाचा साठा जवळजवळ पंचवीस टक्क्यांनी वाढला, भिंतीची उंची एक इंचही न वाढवता. 

या रचनेचं पेटंट त्यांनी घेतलं, पण सरकारकडून रॉयल्टी घेतली नाही. ज्या कामासाठी पगार मिळतो त्याच कामातून सुचलेल्या कल्पनेचे वेगळे पैसे कसे घ्यायचे, असा त्यांचा हिशेब. मेणबत्तीच्या गोष्टीपेक्षा मला ही गोष्ट जास्त मोठी वाटते.

पण पाणी अडवणं सोपं, वाटणं अवघड. इंजिनियरिंगच्या सिलॅबसमध्ये हा धडा कुठे असतो ते शोधा.

नीरा आणि मुठेच्या कालव्यांवर त्या काळी काय चाललं होतं बघा. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची शेतं, ते उसाला हवं तेवढं पाणी घ्यायचे. शेपटाकडच्या गावांपर्यंत पाणी पोचायचंच नाही. पाऊस चांगला झाला तर कालव्याच्या पाण्याला गिऱ्हाईक नाही, पाऊस दगा देऊन गेला की सगळ्यांची एकदम ओरड. जिथे सतत पाणी, तिथल्या जमिनी चिबडायला लागलेल्या, साचलेल्या पाण्यात डास, मागोमाग हिवताप. म्हणजे वरच्याला पाणी जास्त झाल्याचं दुखणं आणि खालच्याला पाणी नसल्याचं. १८९९ च्या सुमाराला विश्वेश्वरय्यांनी यावर ब्लॉक पद्धत मांडली. पाणी जास्तीत जास्त गावांना द्यायचं, पण प्रत्येक गावात चांगली जमीन निवडून तिचे ठरावीक ब्लॉक पाडायचे आणि तिथेच द्यायचं. ब्लॉकमध्ये पिकं फिरवायची: एका भागात ऊस, दुसऱ्यात भात, तिसऱ्यात कमी पाण्याचं पीक. कुणाला किती आणि केव्हा मिळणार हे आधी ठरलेलं. आठवले ना धुळ्याचे फड?

विरोध झालाच. उसावर हात मारलेला कुणाला चालतो? पुण्यातल्या वर्तमानपत्रांतूनही टीका झाली. आणि विरोध करणारे सगळेच लबाड होते असं समजू नका. ज्याने कर्ज काढून ऊस लावलाय त्याला कुणी सरकारी माणूस येऊन पाणी मोजून मिळेल म्हणतो, तेव्हा तो घाबरणारच. विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांच्या सभा घेतल्या, त्यांचं ऐकलं, जिथे पटलं तिथे नियम बदलले. १९०१ ते १९०३ या काळात काम केलेल्या इंडियन इरिगेशन कमिशनपुढेही त्यांनी ही पद्धत मांडली. ती दख्खनच्या कालव्यांवर रुजली, आणि ब्लॉक हा शब्द पाटबंधारे खात्याच्या आणि बागायतदारांच्या बोलण्यात कायमचा राहिला. तुमचे आजोबा नीरेच्या पट्ट्यातले असतील तर त्यांना विचारून बघा. उसाला पाणी किती द्यायचं, हे भांडण सव्वाशे वर्षं झाली तरी मिटलेलं नाही, हेही ते सांगतील.

१९०४ मध्ये ते मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनियर झाले. कामाचं क्षेत्र म्हणजे नळ आणि गटारं, पुण्यापासून कराचीपर्यंत. एडनलाही पाठवलं गेलं, तिथल्या रखरखीत बंदराला पाणी कुठून आणायचं ते बघायला. कितीतरी सीनियर अधिकाऱ्यांना मागे टाकून बढत्या मिळाल्या होत्या. पण खात्याची सगळ्यात वरची खुर्ची, चीफ इंजिनियरची, भारतीय माणसाला मिळणार नाही हे त्यांना दिसत होतं. १९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. सत्तेचाळिसाव्या वर्षी, पुढचं काहीही ठरलेलं नसताना. तुमच्यातला कुणी सेफ जॉब सोडायच्या विचारात असेल, तर त्याने घरी सांगताना हे उदाहरण जपून वापरावं, कारण त्यांना सरकारने पेन्शन मंजूर केलं होतं.

ते युरोपात फिरत होते तेव्हा, २८ सप्टेंबर १९०८ ला, हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. सुमारे १५ हजार माणसं गेली असं मानलं जातं. निजाम सरकारचं बोलावणं आलं आणि १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या हैदराबादला पोचले. त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर पावसाच्या आणि तलावांच्या नोंदी गोळा केल्या. मुसीच्या पाणलोटात ७८८ लहानमोठे तलाव होते, त्यातले २२१ त्या पावसात फुटले होते. एक फुटला की त्याचं पाणी खालच्याला फोडणार, तो त्याच्या खालच्याला. ढगफुटीवर सगळं ढकलून मोकळं होता आलं असतं. या आकड्याने तलावांकडेही बोट दाखवलं. उपाय म्हणून त्यांनी शहराच्या वर दोन मोठे जलाशय सुचवले, पूर थोपवायला आणि प्यायलाही. त्यातला उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला, हिमायतसागर १९२७ मध्ये. दुसऱ्या शहराचं पाणी सोडवून ते निघाले तेव्हा म्हैसूरचं बोलावणं आलेलंच होतं.

म्हैसूरचा भाग तुम्हाला पाठ्यपुस्तकात भेटलाय, म्हणून थोडक्यात. १९०९ मध्ये चीफ इंजिनियर, म्हणजे ब्रिटिश मुलखात जी खुर्ची मिळणार नव्हती तीच. १९१२ ते १९१८ दिवाण. कावेरीवर कृष्णराजसागर, काम १९११ ते १९३१. चुना आणि सुरखीत बांधलेलं दगडी धरण, आणि त्याच्यावरही ते खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे. मद्रास सरकार उंचीला परवानगी देत नव्हतं, तर यांनी पाया मात्र पूर्ण उंचीच्या धरणाचा घातला. हुशारी म्हणा, नाहीतर आगाऊपणा. कावेरीच्या वाटणीचं भांडण आजही बातम्यांत असतं, त्याची सुरुवात शोधत गेलात तर इथवर याल. जुनं कन्नंबाडी गाव आणि आजूबाजूची गावं या पाण्याखाली गेली. मंड्याची हिरवी शेतं आणि उठवलेली घरं, दोन्ही त्याच खात्यावर मांडावी लागतात.

आणखी एक गोष्ट इंजिनियर्स डेच्या भाषणात नसते. म्हैसूरच्या नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना राखीव जागा द्यायचा विचार सुरू झाला, तेव्हा विश्वेश्वरय्यांनी गुणवत्तेचं कारण देऊन त्याला विरोध केला. महाराजांशी मतभेद झाले आणि १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडलं. त्याच्या सोळा वर्षं आधी, १९०२ मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. कालव्याच्या तोंडाशी बसलेला सगळं पाणी घेतो आणि शेपटाला थेंब पोचत नाही, हे नीरेवर ज्यांना इतकं स्वच्छ दिसलं, त्यांना नोकऱ्यांच्या बाबतीत तेच का दिसू नये? मला याचं उत्तर त्यांच्या बाजूने देता येत नाही.

नंतरची वर्षं कारखाने, नियोजन, समित्या, सल्ले यांत गेली. नव्वदीतसुद्धा गंगेवरच्या पुलाची जागा ठरवायला ते गेले होते. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं.

आणि मग १२ जुलै १९६१. तुमच्या पुणेकर आजीला ही तारीख विचारा, तिला पुढचं सांगायला लागणार नाही. खडकवासल्याच्या वर पानशेतचं नवं मातीचं धरण बांधत होते. काम पुरं व्हायच्या आधीच त्यात पाणी अडवलं गेलं होतं. सकाळी पानशेत फुटलं. सगळं पाणी खाली खडकवासल्यावर आलं. जुनं दगडी धरण काही तास उभं राहिलं आणि दुपारी तेही फुटलं. नदीकाठच्या पेठा आणि डेक्कनचा भाग पाण्यात गेला. ओसरल्यावर चिखल उरला, आणि नळाला पाणी नाही, कारण ज्या तलावातून ते यायचं तो तलावच रिकामा झाला होता. वाड्यांतल्या बुजत चाललेल्या विहिरी पुन्हा उपसल्या गेल्या.

विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, शंभरीला टेकलेले, बंगळुरूत. एकेकाळी ज्या भिंतीला हात न लावता त्यांनी पुण्याचं पाणी वाढवलं होतं, ती भिंत त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पुढच्या एप्रिलमध्ये ते गेले. मुद्देनहळ्ळीला त्यांचं स्मारक आहे. खडकवासल्याचं धरण पुन्हा बांधलं गेलं, पावसाळ्यात त्याच्यासमोर उभं राहून तुम्ही कणीस खाता ते हेच.